घरचा सर्व्हर : साठवण कशात करावी, दुरून कसा पाहावा



चांदूर बाजार भागातले आपले एक सभासद मागे गळीत हंगाम संपता संपता आमच्याकडे आले, ते मोबाइलचे रिकामे कव्हर हातात घेऊनच. विहिरीवर वाकले आणि वरच्या खिशातला मोबाइल थेट पाण्यात. "मोबाइलचं काही नाही सायेब," ते म्हणाले, "नवा घेता येते. पण चार वर्षांच्या तोलपावत्या, भावाभावातलं वाटणीपत्र, माय होती तवाचे फोटो, सारं त्याच्यातच होतं ना बाप्पा!" पावत्यांचे मूळ कागद कुठे आहेत म्हणून विचारले, तर फोटो काढून झाल्यावर ते चुलीत गेले होते.

त्यांचा मुलगा पुण्याला संगणकाच्या कामात आहे. तो पोळ्याला गावी आला आणि त्याने घरातल्या जुन्या संगणकात मोठी डिस्क बसवून घरचा सर्व्हर उभा केला. भावाकडची वाटणीपत्राची प्रत पुन्हा स्कॅन केली, नातेवाइकांकडून फोटो गोळा केले, नव्या हंगामाच्या पावत्या आल्या तशा त्यात घातल्या. मुलगा पुण्यात बसून सगळे पाहू शकत होता. संक्रांतीच्या आसपास एका सकाळी एकही फाइल उघडेना. प्रत्येक फाइलच्या नावापुढे काहीतरी अगम्य शेपूट लागलेले, आणि पडद्यावर इंग्रजीत चिठ्ठी : पैसे भरा, मग फाइली मोकळ्या करू.

त्यानंतर बऱ्याच सभासदांनी आम्हाला विचारले की हा सर्व्हर म्हणजे प्रकार तरी काय, तो घरी ठेवावा की नाही, आणि ठेवला तर बाहेरगावाहून तो पाहायचा कसा. म्हणून ऊस लागवडीचे नेहमीचे विषय या खेपेला बाजूला ठेवून हा लेख देत आहोत.

सर्व्हर या शब्दाला भिण्याचे कारण नाही. चोवीस तास चालू राहणारा संगणक, त्याला जोडलेली साठवणीची डिस्क, आणि घरातल्या किंवा बाहेरच्या फोनने मागितले की हवे ते काढून देण्याची तयारी, एवढाच त्याचा अर्थ. वाड्यातला जुना दिवाणजी जसा कोणता कागद कोणत्या दप्तरात आहे ते सांगायचा, तसा. फरक इतकाच की दिवाणजी अनोळखी माणसाला ओळखायचा. यंत्र फक्त पासवर्ड ओळखते.

आधी साठवायचे काय ते ठरवा

बहुतेक लोक आधी यंत्राची किंमत विचारतात. आमच्या मते आधी घरातल्या मालाची प्रतवारी करावी.

काही कागद पुन्हा मिळतात. सातबारा, आठ-अ हे महाभूलेखवर आहेत आणि डिजिटल सही असलेला सातबारा २०१८ पासून घरबसल्या काढता येतो. जुने फेरफार आणि जुने सातबारे यांचे स्कॅन 'आपले अभिलेख' या शासकीय सोयीत असून अकोला आणि अमरावती हे दोन्ही जिल्हे त्यात आहेत. आधार, वाहन परवाना यांसाठी २०१५ पासून डिजिलॉकर आहे. नोंदणीकृत दस्ताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकाकडे मिळते. हे सगळे गमावले तर हेलपाटा पडेल, नुकसान होणार नाही.

काही कागद पुन्हा मिळत नाहीत. घरच्या घरी झालेली, नोंदणी न केलेली वाटणी. आजोबांच्या हिशेबाच्या वह्या. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यांबद्दल शेजाऱ्याशी झालेला लेखी करार. आईचा फोटो. तोलपावतीही आम्ही यातच धरतो. कारखान्याच्या दप्तरात वजन असते हे खरे, पण ते कारखान्याचे दप्तर झाले, तुमच्या हातातला पुरावा तुमची पावती. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपीची रक्कम मिळायला हवी आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज लागते. हे दिवस मोजायचे ते पावतीवरच्या तारखेपासून. आमच्याच कारखान्याच्या पत्रिकेत हे लिहितो आहोत याचे कोणाला नवल वाटेल. वाटू द्या.

आणि तिसरा माल म्हणजे गोठ्यातल्या, वावरातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण. आकाराने प्रचंड, किंमत आठ-पंधरा दिवसांची. मोटार चोरीला गेली तर कामाचे, नाही तर नाही.

आता यांची मापे पाहा, म्हणजे गंमत कळेल. स्कॅन केलेले एक पान साधारण अर्धा एमबी. घरातली पाचशे पाने धरली तरी २५० एमबी. मोबाइलचा एक फोटो तीन-चार एमबी, म्हणजे हजार फोटोंना तीन-चार जीबी. पण एक साधा कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या गतीने दिवसरात्र लिहीत राहिला तर दिवसाला साडेएकवीस जीबी खातो. चार कॅमेरे असतील तर ८६ जीबी. हजार जीबीची, म्हणजे एक टीबीची डिस्क बारा दिवसांच्या आत भरते. तात्पर्य काय, तर ज्याच्यासाठी जीव कासावीस होतो तो माल मुठीत मावतो, आणि ज्याच्यासाठी मोठे यंत्र लागते तो माल बहुधा फेकायचाच असतो. दुकानदार हे सांगत नाही. तो आठ टीबीची डिस्क काढून ठेवतो.

भाड्याची वखार की घरचे पेव

मुठीत मावणारा माल दुसऱ्याच्या वखारीत ठेवता येतो. यालाच क्लाउड म्हणतात. गूगलच्या खात्याबरोबर १५ जीबी जागा फुकट मिळते. पूर्वी त्यात फोटो थोडे लहान करून कितीही ठेवता येत. १ जून २०२१ पासून ती सवलत गेली आणि फोटोही त्या १५ जीबीत मोजले जाऊ लागले. २०२४ पासून अँड्रॉइड फोनवरची व्हॉट्सॲपची राखीव प्रतही त्यातच धरली जाते. त्यामुळेच "जागा संपली" असा निरोप हल्ली घरोघर येतो. बहुतेक वेळा जागा संपवलेली असते ती सकाळच्या शुभेच्छांच्या चित्रांनी आणि लग्नाच्या व्हिडिओंनी. ते पुसले की वर्ष-दोन वर्षांची निश्चिंती.

वखारीचे दोन तोटे. भाडे कायमचे चालू, थकले तर नवा माल आत घेत नाहीत. आणि नियम मालकाचे. फायदा असा की आग, पूर, वीज यांची काळजी त्यांची, आणि दुरून पाहण्याची सोय आयतीच.

घरचे पेव म्हणजे आपला सर्व्हर. आपल्या वऱ्हाडात जुने लोक ज्वारी पेवात ठेवत, पण सगळी ज्वारी एकाच पेवात कोणी ठेवत नसे, कारण एखाद्या पेवात पाणी झिरपले तर वर्षाची भाकर जायची. हे लक्षात असू द्या, पुढे कामी येईल.

यंत्र तीन तऱ्हेचे मिळते. घरातला जुना संगणक फुकटचा वाटतो, पण तो ८० वॅट ओढत असेल तर वर्षाला ७०० युनिट होतात. युनिटला आठ रुपये धरले तरी ५,६०० रुपये. रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक २०१२ पासून मिळतो. तो आणि त्याची डिस्क मिळून १० वॅट धरले तर वर्षाला ८८ युनिट, म्हणजे सातशे रुपये. तिसरे म्हणजे कंपनीची तयार पेटी, जिला नॅस म्हणतात. तिच्यात दोन किंवा चार डिस्का बसतात. ती महाग पडते, पण फारशी खटपट करावी लागत नाही. घरात खटपट करणारा पोरगा असेल तर दुसरी, नसेल तर तिसरी. पहिली आम्ही सुचवत नाही.

डिस्कबद्दल थोडे. फिरणारी हार्ड डिस्क मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते. स्वस्त आणि मोठी, पण धक्का लागू द्यायचा नाही, आणि चालू असताना वीज गेली तर अर्धवट लिहिलेले बिघडते. एसएसडी फिरत नाही, म्हणून धक्का सोसते, पण ती वर्षानुवर्षे वीज न देता पेटीत ठेवली तर आतला माल हळूहळू उडू शकतो. कुलुपात ठेवायच्या प्रतीसाठी ती नको. मेमरी कार्ड सतत लिहून लिहून झिजते. त्यावर यंत्र सुरू करावे, जीव की प्राण असलेले कागद ठेवू नयेत. कॅमेऱ्यांसाठी निराळी, सतत लिखाण सोसणारी डिस्क मिळते. कॅमेरे आणि कागद एका डिस्कवर कधीच ठेवू नका. कॅमेऱ्याने जागा खाल्ली की कागदांना राहत नाही.

दोन डिस्का लावून दोन्हींवर एकच गोष्ट लिहायची, अशी सोय नॅसमध्ये असते. तिला रेड म्हणतात. पुष्कळ लोक समजतात की ही दुसरी प्रत झाली. तसे नाही. एका जुवाखाली दोन बैल जुंपलेले असावेत, तसे ते आहे. एक बसला तर दुसरा गाडी कशीबशी घरी आणतो. पण गाडीच नाल्यात गेली तर दोघेही जातात. चुकून फाइल पुसली तर दोन्ही डिस्कांवरून पुसली जाते. चोराने कुलूप घातले तर दोन्हींना घातले जाते. आपल्या सभासदाच्या घरी तर रेडही नव्हते, पण असते तरी वाचले नसते.

एकाच जागी ठेवलेल्याचे काय होते, याला मोठमोठे दाखले आहेत. २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि वरच्या मजल्यांवरच्या कितीतरी फायली जळाल्या. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच कंपनीचे माहितीकेंद्र जळाले. काही ग्राहकांची मूळ माहिती आणि तिची प्रत दोन्ही त्याच आवारात होत्या, दोन्ही गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात सरकारी माहितीकेंद्राला आग लागली आणि सरकारी नोकरांच्या कामाच्या साठवणीतले ८५८ टीबी गेले. त्याची बाहेर कुठे प्रत नव्हती. इतके मोठे सरकार, तरी. आपल्याकडे आग लांबच राहो, जुलै २०२१ मध्ये मोर्णेचे पाणी अकोल्यातल्या वस्त्यांत शिरले होते. तळमजल्यावर जमिनीला टेकलेल्या संगणकाचे अशा वेळी काय होत असेल ते सांगायला नको.

म्हणून या धंद्यातला जुना नियम असा : प्रती तीन, दोन निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. यातली "दुसरी जागा" शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. लेक दिलेले गाव ही उत्तम जागा आहे. दोन छोट्या डिस्का घ्याव्या. एक आपल्याकडे, एक तिच्याकडे. दिवाळीला ती माहेरी आली की ताजी प्रत घेऊन जाते, जुनी ठेवून जाते. अखाजीला पुन्हा. डिस्कला पासवर्डचे कुलूप घालून ठेवले म्हणजे ती एसटीत हरवली तरी कोणी वाचू शकत नाही. अदलाबदल संपली की डिस्क संगणकापासून काढून ठेवायची. जोडलेली राहिली तर ती प्रत कसली, तिसरा बैलच तो.

दुरून पाहायचे कसे

आता चांदूर बाजारच्या घरात चोर कसा शिरला ते सांगतो, म्हणजे बाकीचे आपोआप समजेल.

इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. १९८१ मध्ये ठरलेल्या पद्धतीत असे पत्ते मिळून सुमारे ४२९ कोटीच होतात. तेव्हा ते अमाप वाटले. आशिया-प्रशांत भागाचा नवा साठा एप्रिल २०११ मध्येच तळाला गेला. नंतर आपल्या देशात मोबाइल आणि फायबर घरोघर पोचले, पण इतके पत्ते आणायचे कुठून? म्हणून कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच पत्ता देतात. वाड्यात बारा बिऱ्हाडे आणि पोस्टाचा पत्ता एकच, तसे. आतून बाहेर पत्र टाकले तर उत्तर बरोबर येते. पण बाहेरच्याने नुसत्या पत्त्यावर पाठवले तर कोणत्या बिऱ्हाडाचे ते पोस्टमनला कळत नाही. राउटरमध्ये सारे काही बरोबर भरूनही बाहेरून घरचा सर्व्हर सापडत नाही, त्याचे कारण बहुधा हेच. लोक राउटर बदलून बसतात. नव्या पद्धतीचे लांबलचक पत्ते, ज्यांना आयपीव्ही-सहा म्हणतात, ते आता बऱ्याच जोडण्यांवर मिळतात आणि त्यांना तोटा नाही. तरी पत्ता मिळाला म्हणून दार उघडे टाकायचे असे नाही.

आपल्या सभासदाच्या मुलाने महिन्याला जादा पैसे भरून कंपनीकडून स्वतंत्र कायम पत्ता घेतला, आणि विंडोजमध्ये दुरून संगणकाचा पडदा उघडण्याची जी सोय असते तिचे दार राउटरमधून थेट बाहेर उघडले. पासवर्ड होता बापाचे नाव आणि जन्मसाल. पोरगा हुशार, पण त्याला वाटले, आपल्या खेड्यातल्या संगणकाचा पत्ता कोणाला माहीत असणार? इथेच चूक झाली. पत्ता माहीत असावा लागतच नाही. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले की एकच संगणक चांगल्या जोडणीवरून जगातले जुन्या पद्धतीचे सगळे पत्ते पाऊण तासात ठोठावून पाहू शकतो. चोर गावाचे नाव वाचत नाही. तो सगळ्या जगाच्या कड्या वाजवत जातो आणि जिथे उघडते तिथे पासवर्ड लावून पाहत बसतो. हे काम यंत्र करते, त्याला कंटाळा येत नाही.

म्हणून थेट दार उघडणे ही पद्धत आम्ही साफ नाकारतो. कायम पत्त्याचे पैसेही वाचतात.

दुसरी पद्धत म्हणजे पेटी बनवणाऱ्या कंपनीचे ॲप. खाते उघडले, फोनवर ॲप घातले, झाले काम. बहुतेक कॅमेऱ्यांचेही असेच असते. सोपे आहे, पण कंपनीच्या चुकीचा भार आपल्यावर येतो. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या जुन्या पेट्या जगभर लोकांच्या घरात बसल्या जागी बाहेरून पुसल्या गेल्या. कंपनीने त्यांना सुधारणा पुरवणे कित्येक वर्षांपूर्वीच थांबवले होते आणि लोक निर्धास्त वापरत होते. जानेवारी २०२२ मध्ये क्यूनॅपच्या पेट्यांवर डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने धाड घातली. थेट इंटरनेटवर उघड्या असलेल्या पेट्या सापडल्या. कॅमेऱ्यांचे तर २०१६ मध्येच दिसले होते : मिराई नावाच्या प्रोग्रामने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेऊन मोठमोठ्या संस्थळांवर हल्ले केले. तेव्हा ॲप वापरायचेच असेल तर पहिला पासवर्ड त्याच दिवशी बदला, सुधारणा आली की घ्या, आणि कंपनीने सुधारणा बंद केली की ती पेटी इंटरनेटपासून तोडा.

तिसरी पद्धत आम्हाला पसंत आहे. आपल्याकडे प्रत्येक गढीपासून नदीपर्यंत भुयार होते, अशी आख्यायिका असतेच. कोणी पाहिलेले नसते. व्हीपीएन म्हणजे असे भुयार, पण खरे. घरचा सर्व्हर आणि मुलाचा फोन या दोघांकडे एकेक किल्ली असते. किल्लीशिवाय कडी वाजवली तर आतून आवाजसुद्धा येत नाही, म्हणजे इथे दार आहे हेच चोराला कळत नाही. वायरगार्ड नावाची यातली सुटसुटीत पद्धत मार्च २०२० मध्ये लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यातच सामील झाली आणि ती फुकट आहे. मात्र नुसते वायरगार्ड वापरायचे तर एका टोकाला बाहेरून सापडणारा पत्ता हवा, आणि तो तर आपल्याला मिळत नाही.

यावर तोड म्हणजे टेलस्केलसारख्या सेवा. त्या वायरगार्डच वापरतात, पण मध्यस्थाचे काम करतात. घरचा सर्व्हर आतून बाहेर मध्यस्थाला निरोप देतो, पुण्याचा फोनही देतो. दोघेही आतून बाहेर आलेले असल्याने बारा बिऱ्हाडांची अडचण येत नाही. मध्यस्थ दोघांची गाठ घालून देतो आणि पुढे दोघे परस्पर बोलतात. कधी परस्पर जुळलेच नाही तर निरोप मध्यस्थामार्फत जातात, तरी ते कुलूपबंद असतात, त्याला वाचता येत नाहीत. थोड्या माणसांच्या घरगुती वापराला पैसे पडत नाहीत. यात जपायचे ते एक ईमेल खाते, कारण त्या खात्यानेच सगळ्या किल्ल्या मिळतात. त्या खात्याला पासवर्डशिवाय फोनवर येणारी दुसरी खूण लावून घ्यावी.

दुरून पाहताना वेगाची तक्रार येते. घरात डाउनलोडचा वेग कितीही असो, बाहेर बसलेल्याला मिळतो तो घरचा अपलोडचा वेग. गावात मोबाइलवरून तो सेकंदाला चार मेगाबिट मिळाला तर एक जीबीचा व्हिडिओ पुण्याला पोचायला अर्ध्या तासाहून जास्त लागतो. पावतीचे पान मात्र एका सेकंदात जाते. पुन्हा तेच, कामाचा माल हलका.

चौथी पद्धतही आहे आणि तिला कोणी हसू नये. दुरून पाहायचेच नाही. कागदांची एक कुलूपबंद प्रत क्लाउडच्या त्या फुकट १५ जीबीत ठेवायची आणि घरची डिस्क घरात. ज्याचा मुलगा वर्षातून चारदा कागद मागतो, त्याने भुयार खणून काय करायचे? आमच्याकडे विचारायला येणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना आम्ही हेच सांगतो आणि ते थोडे हिरमुसले होऊन जातात.

वीज, ऊन आणि कूलर

पुस्तकात लिहिलेले नसते ते थोडे. सर्व्हर वावरातल्या खोलीत ठेवू नका. कृषी फीडरची वीज पाळीने येते, गावठाण फीडरवर त्या मानाने जास्त वेळ असते. म्हणून यंत्र गावातल्या घरीच बरे. यूपीएस हवाच, आणि राउटरलाही तो जोडा. सर्व्हर जागा आणि राउटर झोपलेला, तर बाहेरून काय दिसणार? वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होईल अशी खूण त्याच्या सेटिंगमध्ये असते, ती करून घ्या. नाहीतर पुण्याहून फोन येतो, "बाबा, ते बटन दाबा," आणि बाबा वावरात.

अकोल्याच्या मे महिन्यातले ४४-४५ अंशांचे ऊन आपल्याला ठाऊक आहे. टिनाच्या खोलीत, माळवदाखाली किंवा फ्रिजच्या डोक्यावर डिस्क ठेवली तर ती लवकर मरते. मग लोक ती कूलरसमोर ठेवतात. ते त्याहून वाईट. खसाच्या ताट्यांतून येणारी ओली हवा आणि खारपाणपट्ट्यातल्या पाण्याचे क्षार, दोन्ही यंत्राचे वैरी. घरातली सर्वांत थंड, कोरडी, जमिनीपासून हातभर उंच आणि कापसाच्या तुसापासून दूरची जागा पाहा. बहुधा ती देवघराच्या शेजारची खोली निघते.

त्या सभासदांचे पुढे काय झाले? खंडणी भरली नाही, आणि योग्यच केले. भरूनही फाइली परत मिळतील याचा भरवसा नसतो. त्यांनी सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवली. अशी तक्रार १९३० या क्रमांकावरही करता येते. संगणक पूर्ण पुसून नव्याने बसवला. आणि कागद? ते वाचले. अकोल्याला दिलेली लेक दिवाळीत आली होती, तेव्हा आईचे फोटो हवेत म्हणून तिने सगळाच संच डिस्कवर उतरवून नेला होता. कोणी सांगितले म्हणून नव्हे. वाटणीपत्र, फोटो, तोवरच्या पावत्या सगळे त्यात निघाले. दिवाळीनंतरच्या तेवढ्या पावत्या गेल्या, त्यांच्या नकला त्यांनी गट कार्यालयातून करून घेतल्या. आता त्यांच्याकडे छोटा दहा वॅटचा सर्व्हर आहे, भुयार आहे, कायम पत्ता बंद केला आहे आणि डिस्का दिवाळी-अखाजीला अदलाबदल होतात. अखाजीला जुनी डिस्क परत आली की ते तिच्यातली दोन-चार पाने उघडून पाहतात. न उघडणारी प्रत वेळीच कळलेली बरी.

एक गोष्ट आम्ही त्यांना शेवटी विचारली आणि त्यांना उत्तर देता आले नाही. पासवर्ड कोणाला माहीत आहे? फक्त मुलाला. त्याला काही झाले, किंवा तुम्हाला काही झाले आणि तो परदेशी असला, तर कुलूप कोण उघडणार? शेअरला जसा वारस नेमतो, तसे हेही करावे लागते. त्यांनी पासवर्ड, ईमेल खात्याचे नाव आणि डिस्कची खूण एका कागदावर शाईने लिहिली, पाकीट बंद केले आणि शेअर सर्टिफिकेटच्या पिशवीत ठेवले. दुसरे पाकीट अकोल्याला गेले.